सराईत आवाज

माझ्या पुतण्याची जीभ अडते, हे आमच्या घरात कोणी मोठ्यानं बोलत नसे. घरात त्याला सगळे धाकटाच म्हणत. शब्दाच्या पहिल्याच अक्षरावर तो अडकायचा. मान ताठ व्हायची, डोळे मिटायचे, आणि मग वहिनी त्याचं वाक्य पुरं करून टाकायच्या. दुकानात, दवाखान्यात, पाहुण्यांपुढे, सगळीकडे. ‘तो जरा मितभाषी आहे,’ असं सांगायच्या. झाकली मूठ सव्वा लाखाची. माझा भाऊ गेल्यावर त्यांनी ती मूठ आणखी घट्ट धरली. मी त्याच घरात वरच्या खोलीत पुस्तकं घेऊन राहणारा दीर. मला कोणी विचारत नसे आणि मीही आपणहून काही सांगत नसे.

परदेशातली नोकरी धाकट्याला आवडली ती एवढ्याचसाठी की तिथे कोणाशी बोलायचं नव्हतं. कॉम्प्युटरवर माहिती भरायची, बस्स. प्रत्यक्षात विमानतळावरूनच त्याला गाडीत घालून नदीपलीकडे, तिसऱ्याच एका देशात नेलं. पासपोर्ट काढून घेतला. उंच कुंपणाच्या इमारतीत बसवून फोन करायला लावलं. बँकेतून बोलतोय, पोलिसांतून बोलतोय, तुमचं खातं धोक्यात आहे, असं सांगून माणसांना घाबरवायचं आणि लुबाडायचं. नाही म्हटलं की मार. पुढे काही देशांच्या पोलिसांनी मिळून त्या इमारतीवर छापा घातला आणि तो जिवंत असल्याचं आम्हाला कळलं.

आता सापडलेल्यांची विभागणी चालली होती. ज्यांना डांबून ठेवलं होतं ते आपापल्या घरी जाणार. ज्यांनी धंदा चालवला, इतरांना शिकवून तयार केलं, ते तिकडच्या तुरुंगात. आमचा धाकटा कुठल्या बाजूचा, हे ठरवण्याआधी घरच्यांचा जबाब हवा होता. म्हणून वहिनींना इथल्या पोलिसांनी बोलावलं होतं. ‘तुम्ही नुसते बसा भावजी, पण चला,’ असं म्हणून त्यांनी मलाही बरोबर घेतलं.

खोली फिक्या पिवळ्या रंगाची होती. निरीक्षक बाईंना सर्दी झाली होती आणि त्या दर वाक्यानंतर रुमाल नाकाला लावत होत्या. कोपऱ्यात टंकलेखक बसला होता. भिंतीवरच्या पडद्यावर एक मोठा हॉल दिसत होता. जमिनीवर रांगेनं बसलेली माणसं, आणि पुढे खुर्चीत आमचा धाकटा. त्याच्या एका बाजूला तिकडचा अधिकारी, दुसऱ्या बाजूला दुभाषी.

“अगंबाई, केस कोणी कापले रे तुझे?” वहिनी म्हणाल्या. “जेवायला देतात का?”

“मी अगदी ठीक आहे, आई. काळजी करण्यासारखं काहीही नाही. तू शांत राहा.”

एकही अक्षर अडलं नाही. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, पडदा आणि आवाज यांत काहीतरी गोंधळ झाला असेल. असल्या यंत्रांतलं मला काही कळत नाही.

“आधी एक ऐका,” निरीक्षक बाई म्हणाल्या आणि त्यांनी एका फोनचं ध्वनिमुद्रण लावलं.

पलीकडे कोणी म्हातारा होता. त्याचा आवाज थरथरत होता. अलीकडचा आवाज धाकट्याचा. नाव मात्र त्यानं भलतंच सांगितलं. “बाबा, घाबरू नका. मी आहे ना तुमच्यासोबत. दार लावून घ्या आणि घरात कोणाला सांगू नका. मी सांगतो तसं करत गेलात ना, की सगळं सुरळीत होईल.” किती नितळ आवाज होता तो. म्हातारा म्हणाला, “तुझे उपकार कसे फेडू रे बाळा?” आणि धाकटा हसला. हलकंसं, जिव्हाळ्यानं.

“या गृहस्थांकडे आता काही उरलेलं नाही,” बाई म्हणाल्या.

तो म्हातारा माझ्याच वयाचा असावा. मला वाईट वाटायला हवं होतं. मी वाट पाहिली, पण आत काही हललं नाही. मी वहिनींकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला होता. लेकाच्या तोंडून सलग वाक्यं त्या आजच, जन्मात पहिल्यांदा ऐकत होत्या. ती कसली वाक्यं होती, ते त्यांच्यापर्यंत अजून पोचलंच नव्हतं.

“‘हा मुलगा आम्हाला बोलायला शिकवायचा,’ असं त्या हॉलमधले काही जण सांगतात,” बाई म्हणाल्या. “आधीपासूनच असा सराईत बोलायचा का?”

“तर हो!” वहिनी म्हणाल्या. “लहानपणापासून. बोलण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं.”

टंकलेखकाची बोटं चालू लागली. पलीकडे दुभाष्यानं ते वाक्य सांगितलं. तिकडच्या अधिकाऱ्यानं मान हलवली आणि मागच्या शिपायाला काहीतरी खूण केली.

वहिनी नवीन काही खोटं बोलल्या नव्हत्या. आजवर प्रत्येक परक्या माणसापुढे त्यांनी त्याचं अडखळणं असंच झाकलं होतं. फक्त या परक्या बाई लिहून घेत होत्या.

मी बोलायला हवं, हे मला कळत होतं. पण अशा वेळी माझ्या मनात आधी दुसराच विचार येतो, की आपलं चुकत तर नसेल? कदाचित तो खरंच बरा झाला असेल.

“बाई,” मी म्हणालो. आवाज फुटला नाही म्हणून पुन्हा म्हणालो. “बाई, तो अडखळतो.”

“कोण?”

“माझा पुतण्या. बोलताना त्याची जीभ अडते. पहिल्यापासून.”

“काहीतरीच काय भावजी!” वहिनी ताडकन म्हणाल्या. “यांचं मनावर घेऊ नका हो. दिवसभर पुस्तकात डोकं. घरात काय चाललंय याचा पत्ता नसतो यांना.”

बाईंनी नाक पुसलं. “आत्ता तर घडाघडा बोलला की.”

“ते तिथे शिकवलेलं असेल,” मी म्हणालो. “पाठ केलेलं, दुसऱ्याच्या नावानं... मला नक्की सांगता येणार नाही.”

बाई पडद्याकडे वळल्या. “काय रे, काका म्हणतात ते खरं आहे?”

“मॅडम, तुमची अडचण मी पूर्णपणे समजू शकतो,” धाकटा म्हणाला. “आपण दोघं मिळून यातून नक्की मार्ग काढू.”

टंकलेखकाला हसू आलं. बाईंना आलं नाही.

“त्याला त्याचं नाव विचारा,” मी म्हणालो. “स्वतःचं.”

“नाव सांग तुझं.”

धाकट्यानं तोंड उघडलं. ओठ जुळले आणि तसेच राहिले. मान ताठ झाली, डोळे मिटले, जबडा थरथरू लागला. आवाज नाही. हॉलमधला पंखा ऐकू येत होता. दुभाष्यानं माईक ठोकून पाहिला आणि म्हणाला, “हॅलो, तुमच्याकडे आवाज येतोय का? लाइन गेली बहुतेक.”

“लाइन आहे,” बाई म्हणाल्या. “थांबा.”

वहिनींचे ओठ हलले. ते नाव त्यांच्या जिभेवर आलेलं मला दिसलं. अशी पाळी आली की त्याच पुढे व्हायच्या. मी टेबलाखाली त्यांचं मनगट धरलं. एवढ्या वर्षांत मी त्यांना कधी हातही लावला नव्हता. त्यांनी हात सोडवून घेतला नाही. नावही घेतलं नाही.

तिकडचा अधिकारी उठून धाकट्याजवळ आला, वाकून त्याच्या गळ्याकडे पाहत राहिला. मग त्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुभाष्याशी काही बोलला.

“पुरे म्हणतायत,” दुभाषी म्हणाला. “याला डांबलेल्यांच्या बाजूला बसवतो म्हणाले. पण घरच्यांचा जबाब तसा आला पाहिजे. आत्ताचा उलटा आहे.”

धाकट्याला हाताला धरून उठवलं. नाव शेवटपर्यंत आलंच नाही. जाताना त्यानं आमच्याकडे पाहिलं नाही.

पडदा काळा झाला. बाईंनी आधीचा कागद बाजूला सारला. “आता काय लिहू, ताई? तुम्हीच सांगा. दीर सांगतात ते चालणार नाही, आईचं म्हणणं हवं.”

वहिनींनी तो बाजूला सारलेला कागद उलटा केला. मग एखाद्या तिऱ्हाइताबद्दल बोलावं तशा बोलू लागल्या. तो बोलायला लागला तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं होतं. शाळेत हजेरीला तो नुसता हात वर करायचा. वर्गातली मुलं नकला करायची. वडिलांच्या अंत्ययात्रेला आलेल्यांशी तो एक शब्दही बोलू शकला नव्हता, आणि लोक म्हणाले होते, पोरगं दगडाचं आहे. यातलं बरंच मलाही नवीन होतं. वहिनी रडल्या नाहीत. मधे एकदा पाणी मागितलं.

टंकलेखकानं सगळं उतरवलं आणि वाचून दाखवलं. “माझा मुलगा लहानपणापासून बोलताना थोडा अडखळतो...”

“‘थोडा’ काढा,” वहिनी म्हणाल्या.