ढापली की चोरली

दुकानाच्या मागच्या खोलीत आत्याला बसवेना. खोक्यांच्या थप्प्यांमधून ती नुसत्या येरझाऱ्या घालत होती. कोपऱ्यातल्या स्टुलावर तिची अकरावीतली भाची खाली मान घालून नखं कुरतडत होती. टेबलावर नेलपॉलिशची बाटली होती. रंग असा, की कुणी फुकट दिली तरी पोरीने लावली नसती.

"ढापली फक्त," भाची पुटपुटली. "सगळ्याच ढापतात."

आत्या कॉलेजात गुन्हेगारीशास्त्र शिकवायची. पोरं चोरीला 'ढापणं' म्हणतात, कारण त्या शब्दाने मनाला टोचत नाही, हे ती वर्षानुवर्षं घसा कोरडा करून सांगत आली होती. आता घरचीच पोर तो धडा म्हणून दाखवत होती.

दाराशी उभ्या असलेल्या दुकानाच्या मॅनेजरने मोबाइल काढला. "हिचा फोटो भिंतीवर लागेल."

भिंतीवर पकडलेल्यांचे फोटो होते आणि वर लाल अक्षरांत 'चोर'. भाचीचा अख्खा वर्ग याच दुकानात यायचा.

"असा शिक्का मारलात तर पोर उद्या तशीच होऊन बसेल," आत्या तावातावाने म्हणाली. "या वयात संगत असते, संधी मिळते, थरार वाटतो. शास्त्र सांगतं..."

"मॅडम, शास्त्र राहू द्या. तिला बोलू द्या."

भाचीने मान वर केली. "मैत्रिणी मला त्यांच्यात घेत नव्हत्या. इथून काहीतरी उचलून आणलं तर घेणार होत्या." मग म्हणाली, "मी चोरली. ढापली नाही, चोरली."

मॅनेजर तिच्याकडे बघत राहिला. या खोलीत भल्याभल्यांनी आईच्या शपथा घेतल्या होत्या. असं सरळ कुणी बोललं नव्हतं. त्याने मोबाइल खिशात टाकला. "जा. पुन्हा असं करू नकोस."

रस्त्यावर आल्यावर आत्याचा जीव भांड्यात पडला. तिला पोरीचा अभिमानही वाटला. "एका चुकीने कुणी चोर होत नाही," तिने बजावलं. "माझ्यासाठी तू होतीस तीच आहेस." भाची पहिल्यांदा हसली आणि तिला अगदी खेटून चालू लागली.

तेवढ्यात आत्याने भाचीच्या बाजूच्या खांद्यावरची पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली. का घेतली, तिचं तिलाही कळलं नाही. भाचीला कळलं. ती जरा मागे राहिली आणि घरापर्यंत मागूनच चालत आली.