अळणी आठवडा

“बरी हाय ना गं?” शाळेची खिचडी रांधणाऱ्या सोनाबाईंनी विचारलं.

हातातली वाटी सांभाळत आरोहीने मान हलवली. बरी.

खिचडीत मिठाचा कणही नव्हता. सोनाबाईंनी तो मुद्दामच घातला नव्हता, सलग पाचव्या दिवशी.

कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यांच्या वाटेवरच्या आमच्या शाळेत खिचडी वाढण्याआधी कोणीतरी चाखून बघायची रीत आहे. ते काम संध्याबाईंचं, म्हणजे मुलांच्या मास्तरीणबाईंचं. पण सोनाबाईंनी ते आरोहीसाठी मागून घेतलं. पोरीचे आईवडील माथेरानला हॉटेलात कामाला. ती मामाकडे राहायची आणि कशालाच नाही म्हणत नसे. जितेशने विचारलं, “तुझी पेन्सिल घेऊ?” मान हलली. “तुझी जागा?” हलली. एकदा तर त्याने तिचं दप्तर चांगो गवळ्याच्या म्हशीच्या शिंगाला अडकवायचं ठरवलं, तरी हलली. नाही म्हणाली ती म्हैस.

“प्रशिक्षणात भावनांची चित्रं दिलीत,” संध्याबाई म्हणाल्या होत्या. “राग, आनंद, दुःख. आज तुला यातलं काय वाटतंय विचारलं, तर ही सगळ्यांनाच हो म्हणते.”

“चित्रं चाखता येत नाय, बाई. जिभंलाच नकोसं झालं की तोंड उघडंल. एक ‘नाय’ निघूद्या पोरीच्या तोंडातून.”

ती खिचडी इतकी अळणी, की शाळेच्या पत्र्यावरचे कावळे तिसऱ्या दिवशी बिऱ्हाड घेऊन खालापूरला गेले. मी स्वतः निरोपाचा हात हलवलाय. मुलं कंपासपेटीतून मीठ आणू लागली. चिमटीला दोन गोट्या असा भाव फुटला. आरोहीची मान मात्र रोज हलायची.

सहाव्या दिवशी शाळा समितीचे अध्यक्ष मालोजीशेठ बुलेटवरून आले.

“सोनाबाई, पोरं घरी बोंब मारतात. उद्यापासनं दुसरी बाई बघतो मी.”

सोनाबाईंनी नुसता पदर खोचला. कारण सांगायचं तर सगळ्यांसमोर आरोहीचं नाव घ्यावं लागलं असतं.

मालोजीशेठना साक्षीदार हवा होता. वाटी घेऊन उभी असलेली आरोही दिसली. ही हो म्हणणार, हे गावाला ठाऊक.

“काय गं, काढू ना हिला?”

अख्खी शाळा त्या मानेकडे बघत राहिली. मान सवयीने खाली निघाली. अर्ध्यात थांबली.

“नाय.”

“आं?”

“मावशीला काढायचं नाय!” हा आवाज असा फुटला, की वर माथेरानला घोडे थबकले म्हणतात. “आन् खिचडी बरी नाय. सहा दिस झाले, बरी नाय! मीठ घाला!”

“मग इतके दिवस का नाय बोललीस गं?” मालोजीशेठनी विचारलं.

“तवा मावशीला कुनी काढत नव्हतं.”

पोरांनी ताटल्या अशा बडवल्या, की मालोजीशेठनाही हसू आवरेना. “घाला बाई मीठ,” म्हणत त्यांनी चपला काढल्या आणि ते पोरांच्या पंगतीत मांडी घालून बसले. संध्याबाई हसत होत्या आणि चष्मा पुसत होत्या.

शाळेत स्वयंपाकीण शेवटी जेवते, उरलं तर. त्या दिवशी आरोहीने पहिली थाळी भरली आणि चुलीपाशी बसलेल्या सोनाबाईंपुढे ठेवली.

“खा,” ती म्हणाली आणि कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली.

मागे साठ पोरं रिकाम्या ताटल्या धरून बसली होती. सोनाबाई सावकाश जेवल्या. कोणीही घाई केली नाही.