अर्बाबच्या खांद्याचं माप

उंची

पाच फूट अकरा इंच. हे अर्बाब, म्हणजे मालक, रशीदचं माप. मागच्या ईदला, म्हणजे १९९६ साली, ते तीन फुटांवर आलं, कारण बंदूक उडवल्यावर अर्बाब खाली बसला. आपण होऊन नाही. बंदुकीनं बसवला.

बंदूक त्याच्या मामानं टांझानियातून आणलेली. तिकडे तिनं रानरेडे पाडायचे. काडतूस लिपस्टिकएवढं. ईदच्या तिसऱ्या दिवशी ओमानमधल्या रुस्ताकबाहेरच्या कोरड्या नदीपात्रात घराण्यातले सगळे पुरुष जमतात, कड्याखाली चुना लावलेला दगड ठेवतात आणि एकेक जण नेम धरतो. बाकीचे हलक्या बंदुका आणतात. रशीदला मामाचीच हवी. त्यानं नेम धरला, चाप ओढला आणि

बसला. दगड जागेवर. चुलतभाऊ हुसेननं ही गोष्ट वर्षभर बाजारात सांगितली. दर वेळी स्वतः बसून दाखवत.

छाती

ॲलॉयसियस लोपीस, मूळचा वसईचा, अकरा वर्षं रशीदच्या दुकानात शिंपी. ओमानी पुरुषांचे, गळ्याशी गोंडा लोंबणारे पायघोळ दिशदाशे शिवायचे, हे काम. सगळे त्याला मास्टर म्हणतात. त्याची मुलगी मेलिसा, तिचं लग्न सत्तावीस एप्रिलला वसईत. ईद त्याच्या नऊ दिवस आधी. पासपोर्ट अर्बाबच्या कपाटात.

फेब्रुवारीत ॲलॉयसियसनं विषय काढला.

"अर्बाब, छुट्टी."

"पहले पत्थर," रशीद उजवा खांदा चोळत म्हणाला. "मास्टर, ये बंदूक हम को मारता. तुम इधर कुछ डालो. कपडा का अंदर. कोई देखेगा नहीं. पत्थर लगा तो पासपोर्ट. नहीं लगा तो छुट्टी बाद में, इन्शाल्ला."

इन्शाल्लाचे सगळे प्रकार ॲलॉयसियसला अकरा वर्षांत पाठ झाले होते. हा लांबचा होता.

फोनवर बायको, ग्रेस: "तुम्ही शिंपी ना? मग बंदुकीशी तुमचा काय संबंध?"

"खांदा, ग्रेस. खांद्याचं काम शिंप्याकडेच येतं."

"आणि मेलिसाचा हात धरून तिला चर्चमध्ये कोण नेणार? तुमचा अर्बाब?"

खांदा (एक)

सुटाच्या खांद्यात घालतात तसा पॅड. दिशदाशाच्या आतून, बारीक टाके. खजुरीच्या बागेमागे चाचणी. धाड. बंदुकीचा दस्ता पॅडवरून सटकला आणि दंडावर बसला. दंडाचं माप अर्ध्या इंचानं वाढलं.

खांदा (दोन)

पॅडवर कॅनव्हास, त्यावर फोम. आता दुखलं नाही. पण रशीद एका बाजूनं उंट दिसायला लागला.

खांदा (तीन)

म्हणून डाव्या खांद्यातही तेवढंच. बाजारात लोक विचारू लागले, अर्बाब व्यायाम करतो काय? रशीद खूश. येता-जाता काचेत बघायचा.

दगड मात्र तिथंच. पन्नास पावलांवर ठेवला तरी तिथंच. दुखत नाही, तरी गोळी आकाशात जाते किंवा बागेच्या भिंतीत. हे ॲलॉयसियसला कळेना. कापडाची चूक असती तर त्याला सापडली असती.

बाही

शेजारच्या दुकानात ओमप्रकाश सावंत, कुडाळचा सुतार. लहानपणी मामाबरोबर डुकराच्या शिकारीला जायचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं, रंधा थांबवला नाही.

"तुझो अर्बाब धक्क्याक भियणा नाय," तो म्हणाला. "धक्को येवच्या आधीच्या घटकेक भियता. खोटा वाटता? बंदूक तू भर. मधीच एकदा रिकामी दी. सांगू नको. आणि बघ."

पुढच्या शुक्रवारी बंदूक ॲलॉयसियसनं भरून दिली. दोन वेळा खरी. तिसऱ्यांदा रिकामी.

रशीदनं नेम धरला. दात आवळले. डोळे मिटले. खांदा पुढे फेकला. चाप.

टिच.

आणि अर्बाब दचकून दोन पावलं मागे गेला. रिकाम्या बंदुकीच्या धक्क्यानं.

"भरा नहीं था?"

"भूल गया, अर्बाब."

रशीद बंदुकीकडे बघत राहिला. ॲलॉयसियस चपलांकडे. ज्याच्या कपाटात आपला पासपोर्ट आहे त्याला, तुम्ही भिता, हे कसं सांगायचं? हिंदीत सांगता येत नाही. अरबीत तर नाहीच. ॲलॉयसियसनं मनातल्या मनात मराठीत म्हणून पाहिलं, तेही जमलं नाही.

कंबर

शेवटी त्यानं ते शिंप्याच्या भाषेत सांगितलं.

"अर्बाब, माप लेते टाइम हर आदमी पेट अंदर लेता है. फिर कपडा टाइट होता है और गाली मास्टर को. मैं क्या करता? बात करता. घर कैसा, बच्चे कैसे. वो जवाब देने लगता, पेट बाहर आता. तब टेप खींचता."

"तो?"

"आप भी बंदूक को पेट अंदर लेके दिखाते हो."

रशीदनं बंदूक खाली ठेवली. ॲलॉयसियसनं सत्तावीस एप्रिलचा नाद सोडला.

"और तुम बात करेगा?" रशीद म्हणाला.

"मैं पूछेगा, आप जवाब दो. उंगली धीरे धीरे. कब छूटेगा, आपको भी मालूम नहीं."

"क्या पूछेगा?"

ॲलॉयसियसला दुसरं काय विचारता येणार? "माप."

दोन्ही पॅड उसवले. पॅडमुळे दस्ता खांद्याच्या खळगीत नीट बसत नाही, असं ओमप्रकाशचं म्हणणं. घट्ट टेकवायचा, गाल लावायचा, भार पुढच्या पायावर. नेम नंतर. पाच शुक्रवार, बहुतेक रिकाम्या बंदुकीवर. गळा, बाही, टिच. गळा, बाही, टिच. बाजारात बातमी, अर्बाब वाळला.

घेर

ईदचा तिसरा दिवस. हुसेननं रशीदच्या मागे जाड गालिचा अंथरला.

"भाई, गिरो तो आराम से गिरो," तो मास्टरलाही कळावं म्हणून हिंदीत म्हणाला.

सगळे हसले. मामाही. रशीद पुढे झाला. त्याच्या मागे गळ्यात टेप घालून ॲलॉयसियस.

"ये मास्टर इधर क्या करेगा?" हुसेननं विचारलं.

"नया कपडा का माप," रशीद गंभीरपणे म्हणाला. "दुकान में टाइम नहीं मिलता."

दस्ता खळगीत. गाल टेकला. ॲलॉयसियसनं टेप हातात घेतला.

"गला?"

"सोलह."

"बाही?"

"चौबीस."

"ढीला कि टाइट?"

"ढीला, मास्टर, हमेशा ढी

धाड.

डोळे मिटले होते ते ॲलॉयसियसनं. उघडले. दगड जागेवर, पांढराशुभ्र. मेलिसाचं लग्न हुकलं, असं धरून त्यानं हातातला टेप गुंडाळायला घेतला.

पण रशीद उभा होता. उभा होता आणि ओरडत होता.

"मास्टर! धूल देखा! हमारा गोली का धूल! पत्थर का नीचे, उधर!"

आपली गोळी कुठे जाते हे त्यानं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं होतं. हुसेन गालिच्याकडे बघत होता.

"और एक. पूछो."

"गोंडा?"

"लंबा."

"जेब?"

"दो."

ॲलॉयसियसनं श्वास घेतला. आवाज तोच, मापाचाच.

"छुट्टी कितना दिन?"

"तीस दि

धाड.

कड्याखाली पांढऱ्या दगडाचे दोन तुकडे. एक अजून घरंगळत होता. मामानं टाळी वाजवली. रशीद वळला, जे बोलून गेलो ते आठवायला त्याला एक क्षण लागला. पण घराण्यातल्या चाळीस पुरुषांनी ते ऐकलं होतं.

तेवढ्यात हुसेननं बंदूक हातात घेतली. "मास्टर, इधर आओ. हम को भी पूछो."

रशीदच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. वर्षभर थांबलेलं.

"खलास," तो म्हणाला. "मास्टर छुट्टी पे है. आज से. तीस दिन."

आणि त्यानं गळ्यातून हात घालून उजव्या खांद्यावरून काहीतरी बाहेर काढलं. घामानं ओला झालेला पासपोर्ट.

"तुम फोम सब निकाल दिया," तो जरा लाजून म्हणाला. "थोडा तो चाहिए ना."

डिलिव्हरी

मुंबईच्या विमानतळावर अधिकाऱ्यानं पासपोर्ट उलटसुलट पाहिला. कव्हरवर दस्त्याच्या रबरी टोकाच्या जाड जाड रेघा उमटलेल्या. आत फोटोतल्या ॲलॉयसियसच्या खांद्यावर आडवी घडी.

"हे काय झालं?"

"लाथ बसली, साहेब."

"पासपोर्टला? कुणाची?"

"रानरेड्याच्या बंदुकीची. दोनदा. अर्बाबनं खांद्यात घातला होता, मी फोम काढला म्हणून. मुलीचं लग्न आहे, साहेब. रविवारी."

अधिकाऱ्यानं फोटोतला खांदा पाहिला, समोरचा खांदा पाहिला. मागे रांग वाढत होती.

"मग इथं कशाला उभे?" तो शिक्का मारून म्हणाला. "पळा."