डाव्या हाताचा काप

काप अगदी स्वच्छ होता. बाहीवर, कफाच्या वर चार बोटं, एकही धागा ओढला गेला नव्हता, कड विस्कटली नव्हती, आणि खालून तिरका वर चढत जाऊन तो शिवणीच्या अलीकडे थांबला होता — घाईने नव्हे, थांबायचं ठरवून थांबल्यासारखा. प्रभाकरने बाही खिडकीकडे धरली. कापातून समोरच्या लूमच्या कारखान्याच्या पत्र्याची उन्हाने तापलेली एक पट्टी दिसत होती.

“काका, कळतं का काही?”

मृणाली दारातच उभी होती. वरच्या मजल्यावरची. शर्ट तिच्या नवऱ्याचा, काल दुपारी गच्चीवर वाळत घातलेला. दोन महिन्यांतला हा नववा कपडा. पहिल्यांदा कुणाची तरी चादर कापली गेली तेव्हा सगळ्यांना वाटलं, खिळ्याला अडकून फाटली असेल. मग एक ओढणी, मग शाळेचा गणवेश, मग कुणाच्या तरी सासूचं नऊवारी लुगडं... आणि दर वेळी कपडा प्रभाकरकडे यायचा, कारण चौतीस वर्षं त्याने मानकोलीच्या गोदामात कापडच तपासलं होतं. टेबलावरून कापडाचा ताका सरकायचा आणि त्याची बोटं दोष शोधायची, डोळे नंतर. दोन वर्षांपूर्वी तिथे कॅमेऱ्याचं यंत्र आलं आणि त्याला शाल-नारळ देऊन घरी पाठवलं. आता इमारतीतल्या बायका कापलेले कपडे घेऊन येतात आणि — हे कुणाला सांगता येण्यासारखं नाही — त्याला बरं वाटतं.

“कात्री धारेची आहे,” तो म्हणाला. “बाकी काही सांगता येत नाही.”

हे खोटं होतं. तिसऱ्या कपड्यापासून खोटं होतं. काप डाव्या हाताचा होता. कात्री डाव्या हातात असली की कापड विरुद्ध अंगाला दबतं, कापाची तिरकी रेघ उलटी चढते. गोदामात फोल्डिंगवर, ताके कापून घड्या घालायला, एक डावखुरा माणूस होता, त्याचे तुकडे प्रभाकर ढिगातून न बघता वेगळे काढायचा. मृणाली शर्ट घेऊन गेली. स्वयंपाकघरात त्याची बायको यामिनी दुधी चिरत होती आणि सुरीचा आवाज एका लयीत येत होता. तो तिथे गेला नाही. गेला असता तर सुरी कोणत्या हातात आहे ते दिसलं असतं, आणि ते तर गेली एकतीस वर्षं त्याला ठाऊक होतं. सगळ्या इमारतीला ठाऊक होतं. हळदीकुंकवाला ती चुकून डावा हात पुढे करायची आणि बायका हसायच्या.

पण म्हणून काय झालं? डावखुरी माणसं काय थोडी असतात? तो स्वतःला रोज हेच विचारायचा, आणि रोज त्याच्या डोळ्यांपुढे ती दुपार उभी राहायची. लग्नाला दहा-बारा वर्षं झाली असतील. तो पाळीवरून घरी आला तर यामिनी जमिनीवर बसलेली, मांडीवर तिचा लग्नातला शालू, आणि ती तो कापत होती. सरळ, शांतपणे, काठ बाजूला काढून. “उशांना अभ्रे करते,” ती म्हणाली होती. “नाहीतरी पडूनच आहे.” चेहऱ्यावर राग नव्हता, रडून गेल्याची खूण नव्हती. प्रभाकरने तेव्हा चहा मागितला. का कापलास, एवढं विचारायला किती वेळ लागला असता... पण त्याने चहा मागितला, तिने केला, आणि पुढे कित्येक वर्षं दोघं त्या जरीच्या अभ्र्यांवर डोकं टेकून झोपली. त्या दिवसापासून या बाईच्या मनात काय चाललेलं असतं हे आपल्याला कळत नाही, एवढंच त्याला कळलं होतं.

आणि नऊ कपड्यांत त्यांच्या घरचा एकही नव्हता.

अकरा वाजता खाली पार्किंगमध्ये मीटिंग होती. पंढरी, सोसायटीचा सेक्रेटरी, ज्याच्या वडिलांच्या शेतावर ही इमारत उभी राहिली, खुर्ची उलटी करून बसला होता. वीसेक माणसं उभी. यामिनी बायकांच्यात मागे, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन. आणि मध्ये, स्कूटरींच्या रांगेला पाठ लावून, सीताबाई.

तिला का बोलावलंय हे प्रभाकरच्या लगेच लक्षात आलं नाही. सीताबाई जवळच्या कोन गावाहून येऊन सहा घरांची धुणी धुवायची, गच्चीवर वाळत घालायची, संध्याकाळी घड्या करून घरोघर पोचवायची. अकरा वर्षं.

“नऊतले सात कपडे हिच्याच घरांचे हायेत,” पंढरी म्हणाला. “धुनार ही, वाळत घालनार ही. गच्चीची चावी हिच्याकं. मंग दुसरं कोन येनार? मी पोलिसांत न्हाय जात. पन उद्यापासून हिनं यायचं न्हाय.”

गच्चीचं दार दिवसभर उघडंच असतं हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांतले बरेचजण तिने धुतलेले कपडे घालून उभे होते.

“मी कशाला कापीन?” सीताबाई म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. “त्या कपऱ्यांवरच माझा पोट हाय.” मग तिने माणसांतून नजर फिरवली आणि ती प्रभाकरवर येऊन थांबली. “भाऊ, तुमाला कापरातला कलतं. तुमी सांगा. यो काप माझ्या हातचा हाय का?”

तिने उजवा हात पुढे केला. साबणाने सुरकुतलेला, नखं पांढरी पडलेली. एक वाक्य. हा काप डाव्या हाताचा आहे — एवढंच. त्याच्या जिभेवर ते तयार होतं, चौतीस वर्षांच्या कामाचं सगळं वजन त्या एका वाक्यात होतं, आणि ते ऐकल्यावर वीस माणसांच्या माना मागे कुठे वळतील हेही त्याला दिसत होतं. यामिनी त्याच्याकडेच बघत होती. किती वर्षांनी ती अशी थेट बघत होती... विनवणी होती का त्यात? की भीती? तपासता आलं नाही. कापड असतं तर तपासलं असतं.

“कापावरून हात सांगता येत नाही,” तो म्हणाला.

सीताबाईने हात खाली घेतला. गच्चीची चावी कमरेच्या पिशवीतून काढून स्कूटरच्या सीटवर ठेवली आणि ती फाटकाकडे निघाली. मृणालीने एकदा “सीताबाई” म्हटलं. कारखान्यातली शिफ्ट चालू होती, लूमची खडखड चालू होती, तिच्या चपलांचा आवाज आला नाही.

जेवायला बसल्यावर यामिनीने त्याच्या ताटात भात वाढला, वरण वाढलं, आणि ती समोर बसली. एरवी ती नंतर जेवायची.

“तुम्ही तिथे बोलला नाहीत,” ती म्हणाली, “मीही बोलले नाही.”

त्याने मान हलवली. शेवटी सांगतेय, त्याला वाटलं. घास तसाच हातात राहिला. सांगू दे. सांगितलं की दोघं मिळून कोनला जाऊ, तिचं घर शोधू, काहीतरी करू...

“पण आता थांबा हं,” यामिनी म्हणाली. “त्या बाईचं काम गेलं. आता तरी थांबा.”

“मी?”

“रोज सकाळी गच्चीवर जाता. दुपारी मी आडवी झाले की जाता. कपडा हातात आला की तुमचा चेहरा कसा होतो ते मी बघते. गोदामातनं काढलं तुम्हाला, मला कळत नाही का? मी कुणाला सांगितलं नाही. सांगणारही नाही.”

तिचे डोळे भरून आले होते. खरे होते की नाही... हाच विचार त्याच्या मनात आधी आला, आणि तो आल्याबरोबर आतून काहीतरी खचलं. ही खरं बोलत असेल, तर दोन महिने आम्ही एकमेकांना झाकत बसलो आणि दोघांनी मिळून त्या बाईला उघड्यावर टाकलं. ही खोटं बोलत असेल, तर... पण कोणतं ते ठरवायला त्याच्याकडे काहीच नव्हतं. एकतीस वर्षांत साठवलेलं काहीच उपयोगाचं नव्हतं. मी नाही, असं म्हणायचं तर पुढे म्हणावं लागलं असतं — मला वाटलं, तू. आणि ते ऐकताना तिचा चेहरा जो होईल तो बघायची ताकद त्याच्यात नव्हती.

“हो,” तो म्हणाला. “थांबतो.”

यामिनीने डोळे पुसले, त्याच्या भातावर तूप घातलं. तिच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला, आणि तो बघून त्यालाही, लाज वाटावी इतकं, सैल वाटलं. कुणीतरी दोन महिने आपला विचार करत होतं. मग त्याने सहज, स्वतःची खात्री करून घ्यावी म्हणून, कालची दुपार आठवून पाहिली. गच्ची, टाकीची सावली, ओळीने लटकलेले ओले कपडे, बोटांना लागणारी त्यांची वीण... आपण तिथे किती वेळ उभे होतो ते त्याला आठवेना. आणि डावा काप कसा पडतो, हे इमारतीत त्याच्या बोटांइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तो जेवत राहिला. मी नाही, हे आता त्याला मनातल्या मनातही पहिल्याइतकं ठासून म्हणता येत नव्हतं.