माफीचा सराव

"पाच सेकंदांत उठलात. माफीला सात लागतात, सुगिउरासाहेब. परत वाका," मिझोगुची बाई हातातलं घड्याळ थांबवत म्हणाल्या.

पंधरा मॅनेजर भिंतीला लागून बसलेले. कंपनीच्या सामाजिक जबाबदारीचं ट्रेनिंग, दुसरा दिवस. बाईंनी रचलेली गोष्ट अशी, की रंगाच्या कारखान्याचं पाणी नदीत गेलंय, एक मूल आजारी पडलंय आणि घरच्यांची माफी मागायचीय. घरचे म्हणजे मी आणि तोमे आजी, रोजावर आणलेल्या. शाळा सोडल्यापासून मी चार कामं केली, त्यात हे सगळ्यात सोपं. बसायचं आणि रागानं बघायचं. ते मला कुणी शिकवावं लागत नाही. आजी डोळ्यांत थेंब घालून रडायची.

सुगिउरासाहेब छप्पन्न वर्षांचे. पास झाले तर कारखान्याचे प्रमुख, नापास झाले तर निवृत्तीपर्यंत गोदाम. हे बाईंनी सकाळीच सगळ्यांसमोर सांगून टाकलेलं.

कागदावर एकच वाक्य होतं. 'आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्हाला खेद वाटतो.' साहेबांनी कागदाची घडी केली.

"चूक आमची होती. झडप उघडी राहिली."

"कसली झडप? गोष्टीत झडप नाहीच," बाई म्हणाल्या. "आणि चूक म्हटलं की कोर्टात तेच धरून बसतात. दोनदा झालं तुमचं. आता शेवटची संधी."

मागून कुणीतरी म्हणालं, "वाचा की हो, सुगिउरासाहेब. जेवण गार होतंय."

माझं डोकं फिरलं. "काका, वाचून टाका ना. आम्ही काय खऱ्या आहोत? या आजीचं रडणं बाटलीतलं आहे."

"आणि हिचं तोंड फुकटचं," आजी पुटपुटली.

साहेब माझ्याकडे वळले. "तू खोटी आहेस, पोरी. झडप खरी होती. एकोणीस वर्षांपूर्वी एका खऱ्याच आजारी मुलाच्या घरी मी हेच वाक्य वाचलं, सात सेकंद वाकलो. त्या मुलाच्या आईनं एकच विचारलं होतं, चूक कुणाची. मी खालीच बघत राहिलो."



साहेब पुन्हा आमच्यासमोर आले. "चूक आमची होती," म्हणाले आणि वाकले. बाईंनी घड्याळ सुरूच केलं नाही. आता आजीनं ओरडायचं होतं. ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि त्यांच्यासमोर वाकली. मी रागानं बघायचं विसरले.

बाईंनी कागद सरकवला. "नापास. मोठ्या साहेबांचा शिक्का झालाय, शेजारी तुमचा मारा."

आमच्याकडे सहीऐवजी ज्याच्या त्याच्या नावाचा लाकडी शिक्का असतो, आणि वरच्या साहेबाच्या शिक्क्याशेजारी आपला शिक्का जरा त्याच्याकडे कलता मारतात. लाकडाच्या तुकड्यानंसुद्धा वाकायचं. सुगिउरासाहेबांनी खिशातून डबी काढली, शिक्का शाईला टेकवला, डाव्या हातानं कागद नीट धरला आणि शिक्का सरळ उभा मारला.