चौकटीत राहिलेला राखाडी

मी एक चल आहे, म्हणजे बदलता येणाऱ्या मूल्याला दिलेले नाव. कामाच्या ठिकाणी मला व्हेरिएबल म्हणतात. माझा फिकट राखाडी रंग कोणी निवडला, हे मी पाहिलेले नाही. नेत्ररुग्णालयाचे व्यवस्थापक आणि त्यांचे वेबपान बनवणाऱ्या आमच्या कार्यालयातील मंडळी यांची रंग ठरवायची बैठक झाली, तेव्हा मी जन्मलो नव्हतो. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरे शांत वाटतात, असे कोणीतरी म्हणाले आणि ते सर्वांना पटले, एवढे मी नंतर ऐकले. डोळ्यांच्या रुग्णांना ती अक्षरे दिसतील का, हा प्रश्न तिथे निघाला होता की नाही, याविषयी मी काहीही सांगू शकत नाही.

माझा जन्म स्टाइलशीटमध्ये झाला. वेबपान कसे दिसावे याचे नियम ज्या फाइलीत लिहितात, ती स्टाइलशीट. तिच्या अगदी वरच्या भागात, जिथे लिहिलेले साऱ्या पानाला लागू होते, तिथे एका बाईंनी आधी दोन आडव्या रेघा काढल्या, त्यांना जोडून माझे नाव लिहिले, अक्षरांचा-रंग, आणि पुढे अपूर्णविराम देऊन माझे मूल्य लिहिले: फिकट राखाडी. एवढेच माझे जातक.

त्या बाईंचे वय सत्तेचाळीस. अठरा वर्षे त्यांनी एका कचेरीत हाताने नकाशे काढले. तो विभाग बंद झाला, म्हणून त्या हे काम शिकायला आल्या. कार्यालयात त्यांना नकाशेबाई म्हणत. त्यांना शिकवणारी मुलगी त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान होती आणि पडद्याला खरोखरीची पट्टी लावून अंतरे मोजत असे. तिचे नाव फूटपट्टी पडले होते आणि त्या नावाने हाक मारली तरी ती ओ देत असे.

चाळीस ठिकाणी रंग हाताने लिहिला, तर बदलताना चाळीस ठिकाणी बदलावा लागतो आणि एक ठिकाण हमखास राहते. त्यापेक्षा रंग एकदाच सांगावा आणि बाकी सगळीकडे त्याला नावाने बोलवावे, असे फूटपट्टीने समजावले. नकाशेबाईंना फार समजवावे लागले नाही.

"म्हणजे सूचीच की," त्या म्हणाल्या. "निळा म्हणजे पाणी, हे कोपऱ्यात एकदाच लिहायचं."

"ताई, मला हे कळायला दोन दिवस लागले होते," फूटपट्टी म्हणाली. "तुम्ही निदान चेहरा तरी गोंधळलेला करा."

मात्र नकाशेबाईंच्या हाताला एक जुनी सवय होती. मोठ्या नकाशाच्या कोपऱ्यात एखाद्या शहराचा छोटा नकाशा चौकटीत काढतात. त्या चौकटीला स्वतःची वेगळी सूची द्यावी लागते, नाहीतर साहेब नकाशा परत पाठवीत. वेबपानाच्या तळाशी एक चौकट होती. तिच्यावर बोट टेकवले की ती उघडे, एरवी मिटलेली असे. त्या चौकटीच्या नियमांतही नकाशेबाईंनी मला पुन्हा एकदा लिहिले, तेच नाव, तोच फिकट राखाडी. मूल्य तेच असल्यामुळे दिसण्यात काडीचाही फरक पडला नाही, म्हणून ते कोणाच्या लक्षात आले नाही.

माझ्या लक्षात आले होते. माझ्या जातीला एकच नियम आहे: अक्षरांना जे घर सर्वांत जवळचे, तिथे सांगितलेले मानायचे. जवळ काही सांगितलेले नसेल, तरच वरच्याचे ऐकायचे. त्या दिवसापासून माझी दोन घरे झाली, एक फाइलीच्या वरच्या भागात, एक चौकटीत, आणि दोन्ही घरांत मी एकच बोलत होतो. हे किती दिवस चालेल, हे माझ्या हातात नव्हते. माझ्या हातात कधीच काही नसते.

ते पान मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर घरी गेलेल्या रुग्णांसाठी होते. थेंब केव्हा घालावेत, कोणत्या कुशीवर झोपावे, डोके कधी धुवावे. तळाच्या चौकटीत, डोळा दुखू लागला किंवा दिसणे एकाएकी कमी झाले तर ज्या नंबरवर ताबडतोब फोन करायचा, तो नंबर. पुढच्याच आठवड्यात नकाशेबाईंच्या आईंची तिथे शस्त्रक्रिया होती. लेकीने कौतुकाने ते पान आईंपुढे धरले. आईंनी ते जवळ नेले, लांब नेले.

"छान आहे गं," त्या म्हणाल्या. "लिहायला कधी घेणार?"

दुसऱ्या दिवशी नकाशेबाईंनी हे फूटपट्टीला सांगितले. ती हसली आणि रंग बदलायची परवानगी तिने रुग्णालयाकडून दुपारपर्यंत मिळवली. नकाशेबाईंनी वरच्या घरी माझे मूल्य बदलले: गडद, जवळजवळ काळा. एक ओळ बदलली आणि सारे पान उजळले. शीर्षके, परिच्छेद, थेंबांचे वेळापत्रक, सगळे एका दमात. नकाशेबाईंनी दोन्ही हात टेबलावर ठेवून नुसते पाहिले. फूटपट्टीने पट्टी लावली, वरून खालपर्यंत पाहिले, सगळे बदलले ना, असे विचारले. बदलले, असे उत्तर मिळाले. तळाची चौकट मिटलेलीच होती.

तिच्या आत मी अजून फिकट राखाडी होतो. लिहिण्यात कुठे चूक असती तर निदान शोध तरी झाला असता. पण नियमाच्या दृष्टीने सारे बिनचूक होते. यंत्र तक्रार करीत नाही आणि मला तोंड नाही. मी कितीही जाणले, तरी मला करता येण्यासारखे काही नाही.

शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी नकाशेबाई कामावर होत्या. घरी आईंचा डोळा अकराच्या सुमारास दुखू लागला. दुखणे वाढले तसे दुपारी एकच्या सुमारास त्यांनी फोनवर पान उघडले, तळाशी आल्या, चौकटीवर बोट टेकवले. चौकट उघडली. मी त्यांच्यासमोर पांढऱ्यावर फिकट राखाडी असा उभा राहिलो. त्या नंबराच्या अंगावर मीच होतो. चौकट पुष्कळ वेळ उघडी राहिली. फोन झाला नाही.

संध्याकाळी सहाला लेक घरी आली, तेव्हा आई डोळ्यावर तळहात धरून खुर्चीत बसल्या होत्या. रुग्णालयात डॉक्टरांनी जंतुसंसर्ग सांगितला, औषधे सुरू केली, डोळ्यावर पट्टी बांधली. सकाळीच आणायला हवे होते, असे ते म्हणाले. नजर किती राहील, हे आज सांगता येणार नाही, असेही म्हणाले.

बाहेरच्या बाकावर बसून नकाशेबाईंनी ते पान उघडले आणि पहिल्यांदाच ती चौकट उघडून पाहिली. पिशवीतून लॅपटॉप काढला, माझे नाव साऱ्या फाइलीत शोधले आणि चौकटीतली ती ओळ पुसून टाकली. मिनिटभराचे काम. चौकट गडद झाली. मग त्या आईंजवळ गेल्या.

"आई, दुपारी नंबर दिसला नाही ना तुला?"

"दिसला की."

"मग फोन का नाही केलास?"

"त्यांच्या जेवणाची वेळ. आणि तू सहाला येणारच होतीस." मग त्या म्हणाल्या, "तू केलेलं पान, मला दिसणार नाही का?"

नकाशेबाईंनी फोन पुढे केला. दुसऱ्या डोळ्याने आईंनी नंबर वाचून दाखवला, एकही आकडा न चुकता. मग नकाशेबाईंच्या ध्यानात आले की, आपण तो गडद अक्षरांत वाचायला दिला.

तुम्ही हे काम नव्याने शिकत असाल, तर मला जरूर वापरा. माझ्यामुळे पुष्कळ कष्ट वाचतात. पण माझे मूल्य बदलण्याआधी माझे नाव साऱ्या फाइलीत शोधा आणि मिटलेले प्रत्येक दार एकदा उघडून पाहा. मी तुम्हाला हाक मारू शकणार नाही.

आता माझे घर एकच आहे. पुसलेली ओळ पुन्हा लिहिता येईल, चौकट पुन्हा फिकट करता येईल. पण तो डोळा पट्टीखाली आहे आणि नंबर आता आईंना पाठ झाला आहे. त्या दुपारी त्यांना तो दिसला होता की नाही, हे कोणालाही ठाऊक नाही. लेकीने पुन्हा विचारलेले नाही.