तळव्याचं भोक

आमच्या सासूबाईंना कुठे उसवलेलं दिसलं की त्यांचे हात शिवशिवतात. माझ्या बाळंतपणाला नेदरलँड्समध्ये अ‍ॅमस्टेलव्हीनला आल्या आणि लॉकडाऊनमध्ये अडकल्या, तेव्हा घरातली एकही उशी त्यांच्या सुईतून सुटली नाही. मी वैतागायचे. एरवी बाई लाखात एक.

त्यांचं मेतकूट जमलं शेजारच्या डोरीनशी. डोरीन कॅनडातली, असिनिबॉइन जमातीची; डच नवऱ्यामागे इथे आली आणि तो गेल्यावरही राहिली. दोघींना एकमेकींची भाषा ओ की ठो कळत नव्हती. गॅलरीत दीड मीटर अंतर ठेवून खुर्च्या टाकायच्या आणि एकमेकींचे हात बघत बसायचं. डोरीन आमच्या तान्ह्या मिनूसाठी मोकासिन करत होती, म्हणजे हरणाच्या कातड्याचे मऊ बूट. धुरी दिलेल्या त्या कातड्याला चुलीजवळचा वास यायचा. एका दोऱ्यात मणी ओवायचे, दुसऱ्या दोऱ्याने दर दोन-तीन मण्यांमागे टाका घालून ते बसवायचे, आणि सुई आरपार जाऊ द्यायची नाही. "काय हात आहे हो बाईचा," आई म्हणायच्या. माझं इतकं कौतुक त्यांनी कधी केलं नाही.

बूट हातात आले तेव्हा एका तळव्याला बारीकसं भोक होतं. आई हळहळल्या. "नजर कमी झाली असेल बिचारीची. तिला बोलायचं नाही हं, वाईट वाटेल." आणि आतून ठिगळ लावून, चांगले भक्कम टाके घालून त्यांनी ते बुजवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी मिनू बाबागाडीत पाय उडवत होती. डोरीनने लांबूनच हसत वाकून पाहिलं, तळवा दिसला, आणि तिचं हसू मावळलं. ती तशीच आत गेली. आम्हाला वाटलं, आपली चूक लक्षात आली म्हणून ओशाळली. मग ती गॅलरीत फारशी बसलीच नाही. हिवाळ्यात तिला कोविड झाला. अँब्युलन्स निघाली तेव्हा आम्ही खिडकीतून हात हलवला. ती परत आली नाही.

घर रिकामं करायला तिची मुलगी आली. दारातूनच तिने मला विचारलं, "ते भोक तुम्हाला नको होतं का? आई फोनवर सारखं तेच म्हणायची." मग तिनेच सांगितलं. त्यांच्या घरात तान्ह्या बाळाच्या बुटाच्या तळव्याला मुद्दाम भोक ठेवतात. पलीकडच्या जगातून कुणी बोलावलं, तर बाळाला म्हणता यावं, माझा बूट फाटलाय, एवढ्या लांब नाही यायचं मला.

मी आत जाऊन आईंना सगळं सांगितलं. मिनूला रोज न चुकता तीट लावणारी ही बाई तडक कपाटाकडे गेली. त्यांनी तो बूट काढला, कात्री घेतली आणि टाके उसवायला लागल्या. मिनूचा पाय तर केव्हाच त्यात मावेनासा झाला होता. मला रडू आवरेना.

"आई, राहू द्या आता."

"तिनं माझ्या नातीला तीट लावली होती गं," त्या म्हणाल्या, "आणि मी ती पुसली, तीही तिला दिसेल अशी."